वेतनभेद : भुसावळ व खानदेश

वेतनभेद (भुसावळ व खानदेश) : एकाच गावात, पुष्कळदा एकाच आवारात काम करणाऱ्या माणसांस मिळणाऱ्या मोबदल्यात आढळणारी तफावत आणि तिच्या कारणांचा इतिहास. अर्थशास्त्रात वेतनातील भेद सामान्यतः तीन कसोट्यांवर तपासले जातात : व्यवसाय, शिक्षण व प्रदेश. अवघड, जोखमीच्या किंवा कौशल्याच्या कामास अधिक वेतन मिळते. शिक्षणासाठी घातलेल्या वर्षांची भरपाई पुढे वेतनातून होते. आणि जेथे राहणीचा खर्च अधिक तेथे वेतनही अधिक असते, अशी ह्या विवेचनाची ढोबळ मांडणी आहे. जळगाव जिल्ह्यातील भुसावळ हे ती पडताळून पाहण्यास सोयीचे ठिकाण होय. कारण हे शहर लोहमार्गामुळे वाढले आणि लोहमार्गाच्या नोकरीत प्रत्येक कामाला नाव, प्रत्येक नावाला श्रेणी व प्रत्येक श्रेणीला ठरीव वेतन असते. तथापि येथील दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की, ज्यास कामाचा भेद म्हटले गेले तो पुष्कळदा माणसामाणसांतील भेद होता; म्हणजे कोणते काम कोणाला मिळू शकते हे वेतन ठरण्याच्या आधीच ठरलेले असे.

लोहमार्ग येण्यापूर्वी खानदेशात रोकड वेतनाची व्याप्ती थोडी होती. गावकामगार व बलुतेदार यांस पिकातील वाटा मिळे. मोठ्या शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या गड्यास सालदार म्हणत. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होई आणि पुढच्या आखाजीला संपे. मोबदल्यात थोडी रोकड, धान्य आणि जोडा-घोंगडीसारख्या वस्तू येत. रकमेचा काही भाग आगाऊ उचल म्हणून घेतलेला असे. ती फिटेपर्यंत मालक बदलणे कठीण जाई. ह्या व्यवस्थेत वेतनाचा दर असा नसे. बोली असे, आणि ती दोन्ही पक्षांच्या गरजेवर व गावातील पतीवर ठरे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा (जी. आय. पी.) मार्ग १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खानदेशात शिरला. थळ घाटाचा अवघड टप्पा १८६५ मध्ये खुला झाला, भुसावळहून निघणारा एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि दुसरा खांडव्यावरून जाऊन १८७० मध्ये जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला. मुंबईहून कलकत्त्याकडे व नागपूरकडे जाणाऱ्या वाटा जेथे फुटतात ते ठिकाण म्हणून तापीकाठच्या ह्या लहानशा गावास महत्त्व आले. तेथे एंजिनांची शेड, कारखाना, वसाहत व कार्यालये उभी राहिली. योगायोगाने हाच काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१–६५) होता. इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्याने खानदेशी कापसाचे भाव कडाडले. एकीकडे कापसाची तेजी व दुसरीकडे मातीकाम, पूल व रूळ यांसाठी माणसांची ओढ, अशा दुहेरी मागणीने मजुरीचे दर चढले. तेजी ओसरल्यावर शेतीतील मजुरी पुन्हा उतरली. परंतु महिन्याच्या महिन्याला रोख पगार ही कल्पना मात्र मागे राहिली. पावसाची व पिकाची वाट न पाहता मिळणारा पैसा हा खानदेशच्या ग्रामीण भागास नवीनच अनुभव होता. रेल्वेच्या नोकरीला पुढे जी प्रतिष्ठा लाभली, तिचे मूळ पगाराच्या आकड्यापेक्षा ह्या नियमितपणात अधिक आहे.

कंपनीच्या काळातील वेतनरचना तीन थरांची होती. वरच्या थरात इंग्लंडहून करारावर आणलेले अधिकारी, अभियंते, फोरमन आणि प्रारंभीचे एंजिनचालक व गार्ड असत. मधल्या थरात अँग्लो-इंडियन व येथे स्थायिक झालेले यूरोपीय, तसेच इंग्रजी शिकलेले पारशी, ख्रिस्ती व उच्चवर्णीय हिंदू कर्मचारी येत. खालच्या थरात खलाशी, हमाल, सांधेवाले, फाटकवाले आणि रुळांची निगा राखणाऱ्या टोळ्या, म्हणजे गँगा, होत्या. एकाच प्रकारच्या कामास यूरोपीय वा अँग्लो-इंडियन माणूस असल्यास निराळा दर व हिंदी माणूस असल्यास निराळा, ही तक्रार विधिमंडळात व चौकशी-आयोगांपुढे वारंवार मांडली गेली. ब्रिटनहून माणूस आणायचा तर त्याला तेथील बाजारभावापेक्षा अधिक द्यावे लागते, हे कंपनीचे समर्थन पहिल्या पिढीपुरते समजण्याजोगे होते. परंतु भुसावळच्या वसाहतीतच जन्मलेल्या मुलासही जन्मावरून वरची श्रेणी मिळत राहिली, तेव्हा त्या समर्थनात काही उरले नाही.

वाफेच्या एंजिनांच्या काळातील शेड हे व्यवसायभेदाचे उत्तम उदाहरण आहे. मुलगा क्लीनर म्हणून लागे. एंजिनाची राख काढणे, चाके पुसणे हे त्याचे काम. पुढे तो फायरमन होई. नंतर शंटर, मालगाडीचा ड्रायव्हर, पॅसेंजरचा ड्रायव्हर आणि अखेरीस मेलगाडीचा ड्रायव्हर. शिडीच्या प्रत्येक पायरीवर वेतन वाढे. शिवाय गाडीबरोबर फिरणाऱ्यांस मैलांवर मोजलेला भत्ता मिळे. त्यामुळे मेलगाडीच्या ड्रायव्हरची एकूण प्राप्ती त्याच्याहून अधिक शिकलेल्या कारकुनापेक्षा जास्त होऊ शके. आगीशेजारी उभे राहून फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या वाट्याला मात्र कष्ट अधिक व वाढ थोडी येई. गाडीवरील नोकरांच्या वेतनातील हा विशेष आजही टिकून आहे. त्यांच्या धावभत्त्याचा काही भाग वेतनच समजला जातो व तो निवृत्तिवेतनाच्या हिशेबातही धरतात. एंजिन वाफेचे जाऊन विजेचे झाले व ड्रायव्हरचा ‘लोको पायलट’ झाला, तरी गाडी जितकी धावते त्या मानाने पैसा हे तत्त्व सुटले नाही.

स्टेशन व कार्यालय यांतील कामास अक्षरज्ञान, त्यातही इंग्रजी, आवश्यक असे. तारमास्तर, पार्सलबाबू, बुकिंगबाबू, स्टेशनमास्तर ह्या जागा जळगाव, धुळे, नाशिक येथील इंग्रजी शाळांतून शिकलेल्या तरुणांस खुल्या झाल्या. ह्या वर्गाचे वेतन मजुराच्या मानाने बरेच अधिक होते; परंतु कामाचे तास व बढतीचा अभाव यांमुळे त्याच्यातही असंतोष होता. १८९९ मध्ये जी. आय. पी.च्या तारमास्तरांनी वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती ह्या प्रश्नांवर संप केला. बाळ गंगाधर टिळकांच्या केसरी व मराठा ह्या पत्रांनी त्यांची बाजू उचलून धरली होती. शिकलेल्या नोकरांनी वेतनासाठी काम थांबविल्याचे हे आपल्याकडील आरंभीचे ठळक उदाहरण होय. रूळ सांभाळणाऱ्या गँगमनचा प्रश्न त्या वेळी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला नव्हता, हे येथे नमूद करावयास हवे.

गँगमनचे काम म्हणजे ऊन, पाऊस, थंडी यांत ठरलेल्या मैलांत रूळ, स्लीपर व खडी यांची निगा राखणे. त्यात जोखीम आहे व कसबही आहे. रुळाची सरळ रेषा नजरेने पारखणे हे दोन दिवसांत येत नाही. तरीही ते अकुशल काम गणले गेले आणि वेतन तळाचे राहिले. ह्या टोळ्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे, विशेषतः महार समाजाचे, लोक मोठ्या संख्येने होते. गावकीच्या कामातून सुटका व रोख पगार ह्या दोन कारणांनी ते लोहमार्गाकडे वळले. परंतु तेथेही त्यांची वाट गँगेपाशीच अडली. १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षस्थानावरून ह्या अडवणुकीची नेमकी मीमांसा केली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो व गँगमन म्हणूनच राहतो. त्यास पोर्टरची जागा देत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात व सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्य माणूस घरात चालत नाही. कारकुनाच्या जागेस मॅट्रिक ही पात्रता मानलेली असूनही मॅट्रिक न झालेले इतर समाजांतील उमेदवार भरले जातात आणि मॅट्रिक झालेल्या अस्पृश्य तरुणांस दार बंद राहते. कारखान्यांतही कसबी कारागिराची जागा क्वचितच त्यांच्या वाट्याला येते. मिस्त्री वा फोरमन होणे तर दूरच.

वेतनभेदाच्या अभ्यासकाने ह्या भाषणातील दोन मुद्दे विशेष ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की, गँगमन व पोर्टर यांच्या वेतनातील फरक कागदावर कामाचा फरक होता. प्रत्यक्षात तो स्पर्शास्पर्शाचा होता. दुसरा मुद्दा शिक्षणासंबंधीचा. शिक्षणाने वेतन वाढते हे विधान, ज्यास शिक्षणाच्या बळावर जागा मागता येते त्याच्यापुरतेच खरे ठरते. एकाच मॅट्रिकच्या दाखल्याची किंमत भुसावळ व मनमाडच्या भरतीत दोन प्रकारची होती.

सरकारने १९०० मध्ये जी. आय. पी. विकत घेतली; तरी कारभार कंपनीकडेच होता. १ जुलै १९२५ पासून तो प्रत्यक्ष सरकारकडे आला. वेतनाचे प्रश्न त्यामुळे सुटले नाहीत. फेब्रुवारी १९३० मध्ये जी. आय. पी.वर मोठा संप झाला. त्याच सुमारास जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोग (१९२९–३१) देशभर चौकशी करीत होता. त्याच्या शिफारशींतून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. पगाराची मुदत ठरली, तो ठरीव दिवसांत देणे बंधनकारक झाले आणि दंडाची कपात रुपयामागे अर्ध्या आण्यापुरती मर्यादित झाली. महिन्याच्या अखेरीस दंड वजा जाऊन हाती काय पडेल याची धास्ती बाळगणाऱ्या खलाशाला ह्या कायद्याचे मोल वेतनवाढीइतकेच होते. याच काळात जागतिक मंदीमुळे रेल्वेने नोकरकपात केली व १९३१ नंतर लागणाऱ्यांसाठी खालच्या वेतनश्रेणी आणल्या. परिणामी एकाच बाकावर बसून एकच काम करणाऱ्या दोन कारकुनांचे पगार निराळे झाले. ह्या भेदाला व्यवसाय, शिक्षण वा प्रदेश यांपैकी कोणतेच कारण नव्हते; नोकरीस लागण्याचे साल एवढेच कारण होते.

प्रदेशभेदाचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ऐरणीवर आला. महागाई वाढू लागताच जी. आय. पी.च्या कामगारांनी महागाई भत्त्याची मागणी केली आणि तिच्या चौकशीसाठी १९४० मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-न्यायालय नेमण्यात आले. भत्ता सरसकट एक न ठेवता मुंबई-कलकत्त्यासारखी महानगरे, इतर शहरे व ग्रामीण भाग असे थर मानावेत, हा विचार तेथून रूढ झाला. भुसावळच्या दृष्टीने ही वाटणी अडचणीची होती. धान्य स्वस्त म्हणून खालचा थर. परंतु कापड, औषधे, शाळेची फी यांत मुंबईपेक्षा मोठा फरक पडत नसे, आणि मुलाच्या उच्च शिक्षणासाठी त्याला परगावी ठेवावे लागे. युद्धकाळात रेल्वेने नोकरांसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली व वेतनाचा काही भाग पुन्हा धान्यरूपाने मिळू लागला. सालदाराची आठवण करून देणारी ही व्यवस्था नोकरांना मात्र हवीशी वाटली, कारण बाजारात रुपया रोज घटत होता.

१९४६ मध्ये नेमलेल्या व १९४७ मध्ये अहवाल देणाऱ्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने (अध्यक्ष : न्या. वरदाचारियर) ह्या गुंत्यास प्रथमच एक सूत्र दिले. किमान मूळ वेतन ३० रु. व महागाई भत्ता २५ रु. मिळून ५५ रु. हा तळ ठरला. वरची मर्यादा काही अपवाद सोडता २,००० रु. होती. मूळ वेतनापुरते पाहिल्यास हे अंतर सु. ६७ पट होते. तळाची श्रेणी ३० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत, दरसाल आठ आण्यांच्या वाढीने जाणारी. म्हणजे गँगमन दहा वर्षे खडी उपसून ५ रुपयांची वाढ मिळवी व तेथे थांबे. कनिष्ठ कारकुनाची श्रेणी ५५ ते १३० रु. होती व त्याची पहिलीच वार्षिक वाढ ३ रुपयांची असे. वेतनभेदाची चर्चा बहुधा आरंभीच्या पगारावर चालते. परंतु दोन माणसांच्या आयुष्यात खरे अंतर ह्या वार्षिक वाढीने पडते. कारकून दोन वर्षांत जे मिळवी ते गँगमनला बारा वर्षांतही मिळणे शक्य नव्हते, कारण त्याची श्रेणी दहा वर्षांतच संपे.

त्याच सुमारास न्या. राजाध्यक्ष यांनी रेल्वे नोकरांच्या कामाच्या तासांसंबंधी निवाडा दिला. सतत चालणाऱ्या कामास आठवड्याला ५४ तास, अतिशय ताणाच्या कामास ४५ तास व मधूनमधून करावयाच्या कामास ७५ तास अशी विभागणी झाली. फाटकवाला तिसऱ्या वर्गात पडे. दोन गाड्यांच्या मध्ये तो रिकामा असतो हे खरे. परंतु फाटक सोडून त्यास जाता येत नाही. मासिक वेतन तेवढेच व तास मात्र कितीतरी अधिक, असा हा न दिसणारा वेतनभेद होता. पुढे मियाभॉय न्यायाधिकरणाच्या १९७२ च्या निवाड्याने हे तास कमी केले.

स्वातंत्र्यानंतर भरतीचे दार हळूहळू बदलले. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखल्या गेल्या. १९७० पासून हे प्रमाण अनुसूचित जातींसाठी १५ व जमातींसाठी ७½ टक्के झाले. अँग्लो-इंडियनांच्या रेल्वेतील खास जागांस संविधानाच्या ३३६ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांची व टप्प्याटप्प्याने घटणारी मुदत दिली. ती १९६० मध्ये संपली. भुसावळच्या वसाहतीतून बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी वा अन्य शहरांत गेली. गँगमनच्या मुलाने बुकिंगबाबू वा स्टेशनमास्तर होणे हे एका पिढीत घडू लागले. दुसरीकडे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि भुसावळ तिच्या एका विभागाचे मुख्यालय झाले.

पुढील आयोगांचा तपशील थोडक्यात पाहता येईल. दुसऱ्या आयोगाने (१९५९) किमान वेतन ८० रु. ठरविले. तिसऱ्या आयोगाने (१९७३) १८५ रु. सुचविले व सरकारने ते १९६ रु. केले. चौथ्याने (१९८६) ७५० रु., पाचव्यानंतर (१९९७) २,५५० रु., सहाव्यानंतर (२००८) ७,००० रु. आणि सातव्याने (अहवाल २०१५, अंमल २०१६ पासून) १८,००० रु. असा हा क्रम आहे. ह्या आकड्यांत महागाईचा वाटा मोठा असल्याने त्यांची थेट तुलना करू नये. अधिक बोलका आकडा अंतराचा आहे : सातव्या आयोगानंतर सर्वोच्च वेतन २,५०,००० रु. झाले, म्हणजे तळाच्या सु. १४ पट. मात्र ही घट केवळ आयोगांच्या उदारपणातून आली असे म्हणणे अर्धवट होईल. ८ ते २७ मे १९७४ ह्या काळातील देशव्यापी रेल्वे संपात सार्वजनिक उद्योगांशी समान वेतन, बोनस व आठ तासांचा दिवस ह्या मागण्या होत्या. संप मोडला गेला, अनेकांना अटक व बडतर्फी सोसावी लागली. परंतु उत्पादकतेशी निगडित बोनस १९७९ मध्ये मिळालाच. मुंबई-नागपूर व मुंबई-कलकत्ता वाहतूक ज्या जंक्शनमधून जाते तेथील थांबलेल्या चाकांचे वजन सरकारलाही ठाऊक होते.

शिक्षणाच्या संदर्भात सहाव्या आयोगाचा निर्णय सर्वांत दूरगामी ठरला. त्याने ‘ड’ गट, म्हणजे पूर्वीची चतुर्थ श्रेणी, रद्द केली. तळाच्या जागेसही दहावी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे (आय.टी.आय.) प्रमाणपत्र ही पात्रता आली, आधीपासून सेवेत असलेल्या न शिकलेल्यांना प्रशिक्षण देऊन वर घेण्यात आले. सातव्या आयोगाच्या तक्त्यानुसार रुळांची निगा राखणारा कर्मचारी पहिल्या स्तरावर १८,००० रुपयांनी लागतो. बारावी उत्तीर्ण कनिष्ठ लिपिक व आय.टी.आय. झालेला सहायक लोको पायलट १९,९०० रुपयांनी, पदवीधर मालगाडी व्यवस्थापक (पूर्वीचा गार्ड) २९,२०० रुपयांनी, पदवीधर स्टेशनमास्तर व पदविकाधारक कनिष्ठ अभियंता ३५,४०० रुपयांनी आणि स्पर्धापरीक्षेतून येणारा वर्ग एकचा अधिकारी ५६,१०० रुपयांनी आरंभ करतो. कारकून व रूळकामगार यांत १९४७ साली जवळजवळ दुप्पट असलेले आरंभीचे अंतर आता दहा टक्क्यांच्या आसपास आले आहे. पदवीचे मोल मात्र टिकले आहे. यात एक विसंगती उद्भवली. नोकऱ्यांच्या टंचाईमुळे पहिल्या स्तरावरील जागांसाठी पदवीधर व अभियंतेही अर्ज करतात. ज्या कामास दहावी पुरे, तेथे पदवी घेऊन आलेल्यास पदवीचा मोबदला मिळत नाही. आणि शाळा सुटलेल्या मजुराच्या मुलास, ज्याच्यासाठी ही नोकरी पूर्वी होती, आता अर्जही करता येत नाही.

प्रदेशाचा भेद मूळ वेतनातून निघून भत्त्यांत शिरला. पहिल्या आयोगाने महागाई भत्ता देशभर सारखा केला. त्यानंतर प्रदेशभेद मुख्यतः घरभाडे व शहरपूरक भत्ता यांतून व्यक्त होऊ लागला. सध्याच्या पद्धतीत शहरांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग आहेत आणि किमान वेतनावरील घरभाडे भत्ता वरच्या वर्गात ५,४०० रु., मधल्यात ३,६०० रु. व खालच्यात १,८०० रु. आहे. मुंबई व पुणे वरच्या वर्गात, नाशिक व अमरावती मधल्या आणि भुसावळ खालच्या वर्गात येते. ह्याचा परिणाम एकाच विभागाच्या आत दिसतो. नाशिक रोड व अमरावतीजवळचे बडनेरा ही दोन्ही स्थानके भुसावळ विभागात येतात. नाशिक रोडला काम करणारा रूळकामगार त्याच वेतनावर भुसावळच्या सहकाऱ्यापेक्षा महिन्याला १,८०० रु. अधिक घेतो. ज्यास रेल्वेची खोली मिळते त्यास हा भत्ता मिळत नाही. त्यामुळे भुसावळसारख्या मोठी वसाहत असलेल्या ठिकाणी खोली घ्यावी की भत्ता, हा हिशेब घरोघर होतो. खोली, प्रवासाचे पास, रेल्वेचे रुग्णालय ह्या सवलती वेतनाच्या तक्त्यात दिसत नाहीत, पण त्यांची किंमत मोठी आहे. निवृत्तिवेतनाचेही तसेच. १६ नोव्हेंबर १९५७ पासून रेल्वेत निवृत्तिवेतन आले. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना अंशदानावर आधारलेली नवी योजना लागू झाली. १९३१ प्रमाणेच नोकरीस लागण्याचे साल पुन्हा एकदा भेदाचे कारण झाले.

भुसावळ परिसरात रेल्वेशिवाय आणखी काही वेतनव्यवस्था शेजारीशेजारी नांदतात. भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना १९४९ मधील व वरणगावचा १९६४ मधील. दोन्हीकडे केंद्रीय वेतनश्रेणींबरोबर उक्त्या कामाचा मोबदलाही होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हे कारखाने अनुक्रमे यंत्र इंडिया व म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपन्यांकडे गेले. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात राज्याच्या वीज मंडळाचे व २००५ नंतर महानिर्मिती कंपनीचे वेतन करार लागू होतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत नळ, चटया व डाळ यांचे कारखाने आहेत. एकाच आय.टी.आय.तून एकाच वर्षी बाहेर पडलेले चार वीजतंत्री ह्या चार ठिकाणी लागले, तर त्यांचे शिक्षण, काम व गाव एक असूनही प्राप्ती चार प्रकारची होते. मालक कोण, हा चौथा निकष पाठ्यपुस्तकांतील तीन निकषांच्या बरोबरीने धरला पाहिजे. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल व धुळे-चाळीसगावच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा तेथील कामगाराचे वेतन मुंबईच्या गिरणीकामगारापेक्षा कमी असे. गाव लहान, शेती जवळ, म्हणून गरज कमी, असे त्याचे कारण सांगितले जाई. ज्याच्याकडे शेती नव्हती त्यालाही तेच कारण लागू केले जाई.

रेल्वेच्या कुंपणाबाहेरील शेतमजुराची स्थिती सर्वांत निराळी आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पाणी असल्याने वर्षभर काम निघते व मजुरी त्या मानाने बरी असते. पश्चिमेकडे साक्री, नवापूर, अक्कलकुव्याच्या बाजूस पावसाळा संपताच काम आटते आणि भिल्ल, पावरा कुटुंबे ऊसतोडीला व बांधकामाला गुजरातेत जातात. सालदारकीचा प्रश्न शहादे तालुक्यात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने हाती घेतला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली तेथील आदिवासी सालदार व मजूर प्रथमच आपल्या वेतनाविषयी मालकांशी एकत्रितपणे बोलले. त्याच दुष्काळाच्या सुमारास राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली व १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. सरकारी कामावर ठरीव दर मिळू लागल्याने गावातील मजुरीला प्रथमच खालून टेकू मिळाला. स्त्रियांना त्याच दराने काम मिळाले ही गोष्ट विशेष. शेतात मात्र बाईचा रोज व गड्याचा रोज हा फरक, १९७६ च्या समान वेतन कायद्यानंतरही, चालत राहिला.

केंद्रीय रोजगार हमीखाली २०२५–२६ ह्या वर्षासाठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रु. होता. महिन्याचे २६ दिवस काम मिळाले असे धरले तरी ८,११२ रु. होतात, प्रत्यक्षात हमी वर्षाला शंभर दिवसांची होती. रेल्वेच्या तळाच्या कर्मचाऱ्यास १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के महागाई भत्त्यासह २८,४४० रु. व भुसावळचे घरभाडे धरून ३०,२४० रु. मिळत. हे अंतर पावणेचार पटींच्या जवळ जाते. रेल्वेच्या आत रूळकामगार व स्टेशनमास्तर यांच्या आरंभीच्या वेतनांत दुपटीचे अंतर आहे. म्हणजे वेतनाची सर्वांत खोल दरी आता श्रेणीश्रेणींत नाही. श्रेणी असलेला व नसलेला यांच्यामध्ये आहे.

ही दरी रेल्वेच्या आवारातही उतरली आहे. रोजंदारीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुरांचा प्रश्न जुना आहे. इंदरपाल यादव खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रकल्पांवरील ज्या मजुरांनी ३६० दिवस काम केले त्यांस टप्प्याटप्प्याने तात्पुरता दर्जा देऊन सामावून घेण्याची योजना मान्य केली व त्यातून अनेक कुटुंबांस स्थैर्य आले. त्यानंतर गाड्यांची व फलाटांची सफाई, चादरी-कांबळ्यांची धुलाई अशी कामे कंत्राटदारांकडे गेली. ह्या कामगारांचे वेतन आयोगाच्या तक्त्यावर ठरत नाही. ते किमान वेतनाच्या अधिसूचनेने ठरते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनांत शहरांचे अ, ब, क असे वर्ग असत. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने घेतली आहे. जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली. त्याच्या कार्यकक्षेत फलाट झाडणारा हा कंत्राटी कामगार येत नाही.